बोला, मीच काळे

डॉक्टर वसंत काळे यांच्यासमोर ‘काळे’ हा शब्द जपून वापरावा लागतो. टेक्सासमधल्या प्लेनो गावातल्या जुन्या मराठी मंडळींना हे माहीत आहे. नवीन आलेल्यांना एकदा तरी ठेच लागते.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते निखिलच्या मुलीच्या वाढदिवसाला. निखिल नागपूरचा, आयटीतला. तेव्हा तो घर शोधत होता आणि साठे नावाचे एक गृहस्थ त्याला कोपऱ्यात घेऊन समजावत होते. कुठल्या शाळा चांगल्या, कुठे टॅक्स जास्त, कुठे गवत कापायचा त्रास. सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, “आणि हायवेच्या त्या बाजूला बघूच नकोस. तिकडे काळे फार झालेत.” आवाज उतरवायची त्यांना गरज वाटली नाही. मराठीत बोललं की टेक्सासमध्ये कोणाला कळत नाही, अशी आपल्या लोकांची समजूत असते.

शेजारी पावभाजीची ताटली घेऊन एक उंच, किंचित वाकलेले म्हातारे गृहस्थ उभे होते. त्यांनी हात वर केला. शाळेत हजेरीला करतात तसा.

“बोला, मीच काळे. किती झालोत आम्ही?”

साठे हसले. समोरचा हसत नाही हे लक्षात आल्यावर घाईघाईने म्हणाले, “अहो काका, तुम्ही नाही हो त्यात! तुम्ही आपले.”

“हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकलंय,” काका म्हणाले. “तेव्हा ते इंग्रजीत होतं.” आणि ते आणखी एक पाव आणायला निघून गेले.

निखिलने पुढे हायवेच्या त्याच बाजूला घर घेतलं. काकांमुळे नव्हे. तिथलंच परवडलं म्हणून.

काळेकाका माझे शेजारी. मूळ अमरावतीचे, किडनीचे डॉक्टर, आता निवृत्त. अमेरिकेत येण्याआधी ते शिकायला म्हणून ग्लासगोला गेले आणि तिथल्या एका हॉस्पिटलात बरीच वर्षं राहिले. टेक्सासमध्ये त्यांची त्याहून कितीतरी अधिक वर्षं गेली, पण जिभेवर स्कॉटलंड राहिलं. होकार द्यायचा तर ते ‘येस’ म्हणत नाहीत, ‘आय’ म्हणतात. लहान, थोडं, बरं, प्रेमाचं, या सगळ्याला एकच शब्द, ‘वी’. वी चहा, वी पाऊस, वी हार्ट अटॅक.

“लग्न होऊन ग्लासगोला गेले तेव्हा मी घाबरले होते,” मालतीकाकू सांगतात. “म्हटलं, हा माणूस ऊठसूट आईला हाक मारतो. जेवणार का? आय. फिरायला येता का? आय. सासूबाई अमरावतीला आणि हे इथे आय, आय!”

काकांची दुसरी ख्याती केळ्याची. त्यांच्या घरात केळं येत नाही. सत्यनारायणाच्या शिऱ्यातसुद्धा काकू सफरचंद घालतात. गुरुजींनी एकदा हरकत घेतली, तर काकांनी त्यांना विचारलं, “तुमचं क्रिएटिनिन कधी तपासलं होतं?” गुरुजींनी त्याच शिऱ्याचा नैवेद्य दाखवला. किडनीचा डॉक्टर केळं खात नाही म्हणजे त्यात काहीतरी असणार, असं मानून आमच्या भागातल्या निम्म्या मराठी घरांनी एके काळी केळी सोडली होती. निखिलची आई सहा महिन्यांसाठी आली होती, तिने पोटॅशियम हा शब्द शिकूनच भारतात परत प्रयाण केलं. काकांनी कोणाचाही गैरसमज दूर केला नाही.

तिसरी गोष्ट फुटबॉल. शनिवारी सकाळी नऊ वाजता स्कॉटलंडमध्ये दुपारचे तीन वाजलेले असतात आणि काकांच्या संघाचा सामना सुरू होतो. क्लबचं नाव मी लिहीत नाही. ते छापून आलं की संघ हरतो, असं काकांचं निरीक्षण आहे. न छापताही तो बहुतेक वेळा हरतोच. सामना पाहायला मी जातो, निखिल येतो. काकू कांदेपोहे करतात आणि म्हणतात, “ह्यांच्या अंगात शनिवारी येतं. देवीचं मंगळवारी असतं, यांचं शनिवारी.”

टीव्हीसमोर दोन खुर्च्या आहेत. एक काकांची. दुसरीवर क्लबचा जुना, विटलेला मफलर पसरलेला असतो आणि तिच्यावर कोणी बसायचं नाही. आम्ही सोफ्यावर. निखिलने एकदा अजाणता मफलर उचलला, तेव्हा काका इतकंच म्हणाले, “ती जागा धरलीय.”

“एसटीत रुमाल टाकून धरतात ना, तशी,” काकू आतून म्हणाल्या. “रुमाल टाकून चाळीसेक वर्षं झाली. माणूस काही गाडीत चढत नाही.”

या संघाचा सध्याचा कर्णधार, डाव्या बाजूचा बचावपटू, कृष्णवर्णीय आहे. त्याच्या नावाचे शर्ट घातलेली गोरी पोरं स्टँडमध्ये सगळीकडे दिसतात. निखिल त्याच्यावर फिदा आहे आणि म्हणूनच त्याची पंचाईत व्हायची. “काका, तो काळा...” एवढं तोंडातून निघालं की खुर्चीतून हात वर. “बोला, मीच काळे.”

“मग म्हणायचं काय, काका? ब्लॅक?”

“तो लेफ्ट बॅक आहे. लेफ्ट बॅक म्हण.”

मागच्या वसंत ऋतूत काकूंनी मला कुंपणापाशी थांबवलं. ह्यूस्टनहून एका बाईचा फोन आला होता. तेलाच्या कंपनीत काम करणारी, ग्लासगोची. तिचे वडील, डेव्ही, तिच्याकडे राहायला आले होते आणि त्यांना एका शनिवारी प्लेनोला येऊन डॉक काळेंबरोबर सामना पाहायचा होता. वय ऐंशीच्या पुढे. यानंतर त्यांना विमानात बसू देणार नाहीत, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

“हे रोज रात्री म्हणतात, कॅन्सल कर. सकाळी उठून विचारतात, केलंस का? मी म्हणते, नाही केलं. मग म्हणतात, थांब जरा.” काकूंनी सुस्कारा सोडला. “तो एकच तर मित्र होता हो यांचा तिथे.”

मग त्यांनी जे सांगितलं ते असं.

डेव्ही हॉस्पिटलात पोर्टर होता, पेशंटच्या ट्रॉल्या ढकलायचा. पहिल्या हिवाळ्यात वसंत काळे या तरुण डॉक्टरला कोणी चहालाही बोलावलं नव्हतं. डेव्हीने एका शनिवारी त्याला मैदानावर नेलं. उभं कुठे राहायचं, कोणाला शिव्या घालायच्या, मध्यंतरात काय खायचं, सगळं शिकवलं. खायचं म्हणजे मटणाचा ‘पाय’, मटण भरलेली कचोरीच. काकांनी कौतुकाने आईला कळवलं की, आज मित्राबरोबर पाय खाल्ला. ती माउली हादरली. “कोणाचा?” असं उलट टपाली उत्तर आलं. त्यानंतर काकांनी मांसाहार सोडला आणि मैदानावर जाताना ओव्हरकोटाच्या खिशात दोन केळी न्यायला सुरुवात केली.

कित्येक वर्षं दर शनिवारी हे दोघं शेजारी उभे राहिले. मग एकदा पाहुण्या संघात एक कृष्णवर्णीय खेळाडू आला. त्याच्या पायात चेंडू आला की स्टँडमधून माकडांचे आवाज निघत. तेव्हा तिथे ही थट्टा समजली जायची. पंच, पोलीस, कोणीच काही बोलायचं नाही. लोक केळी फेकू लागले. डेव्हीने हसत हसत काकांच्या खिशात हात घातला, एक केळं काढलं आणि फेकलं. काकांचा चेहरा पाहून म्हणाला, “नॉट यू, डॉक. यू आर वन ऑफ अस.” तू नाहीस रे त्यात. तू आपला.

काका सामना संपेपर्यंत उभे राहिले. त्यानंतर ते डेव्हीशी बोलले नाहीत. पुढच्या वर्षी अमेरिकेची नोकरी मिळाली, तेव्हा निरोपही घेतला नाही. येताना मफलर मात्र आणला.

डेव्ही आला. मुलीने गाडी थांबवली तेव्हा काका दारात नव्हते. टीव्हीसमोर बसून रिमोटची बॅटरी बदलत होते. ती दोन दिवसांपूर्वीच बदलली होती. बुटका, गुलाबी चेहऱ्याचा म्हातारा काठी टेकत आत आला. दोघांनी हात मिळवले, हवामानाविषयी बोलले. डेव्हीने मफलर पसरलेल्या खुर्चीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि तो आमच्याशेजारी सोफ्यावर बसला. काकूंनी पोहे दिले.

“वी बिट हॉट,” डोळ्यांत पाणी आणून तो म्हणाला.

“आय,” काका म्हणाले. पंधरा मिनिटांत एवढंच संभाषण.

मग कर्णधाराला कोणीतरी मागून पाडलं. पंचाने शिट्टी वाजवली नाही. आमच्या आधी डेव्ही काठी उगारून उठला. “आमच्या पोराला पाडलं! आंधळा आहेस का रे?” यानंतर पंचाच्या आईविषयी काही निघालं, ते मुलीने मध्येच थांबवलं. निखिलही उभा राहिला होता. “बघितलं काका? तरी पण तो काळा उठून कसला सुसाट पळाला यार!”

आणि सवयीने काकांचा हात वर गेला. “बोला, मीच काळे.”

सवयीनेच आम्ही हसलो. डेव्हीने आमच्याकडे पाहून इंग्रजीत विचारलं, “कसला विनोद?”

निखिल पोह्यांच्या ताटलीत पाहू लागला. टीव्हीवर मध्यंतराची शिट्टी झाली, काकांनी आवाज बंद केला.

“माझं आडनाव,” ते म्हणाले.

“डॉक्टर केल,” डेव्ही म्हणाला. “स्पेलिंग तेच. केलची भाजी, कोबीचा भाऊ. नाताळात नर्सेसनी तुझ्या दाराला केलची जुडी बांधली होती.”

“केल नाही. काळे. मराठीत त्याचा अर्थ ब्लॅक. अनेकवचनी. सगळे ब्लॅक.”

डेव्हीने पडद्यावरच्या मुक्या जाहिरातींकडे पाहत विचारलं, “पहिल्या दिवसापासून?”

“त्याच्याही आधीपासून. वडिलांचंही तेच होतं.”

“आणि मी तुला म्हणालो, नॉट यू.”

“आय.”

“तेव्हाच का नाही सांगितलंस?”

काकांनी रिमोट मांडीवर ठेवला. “कारण तू म्हणालास तेव्हा मला बरं वाटलं, डेव्ही. क्षणभर. हे लोक मला त्यात धरत नाहीत, म्हणून बरं वाटलं. तुझ्या केळ्याचा राग मी केव्हाच विसरलो असतो.”

“ते केळं तुझं होतं.”

“आय. माझं होतं.”

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. डेव्ही कोणाकडेही न पाहता सांगू लागला. मागच्या वर्षी त्याच्या मागच्या रांगेतल्या एकाने आपल्याच कर्णधाराला पाहून तसले आवाज काढले. आजूबाजूची पोरं उभी राहिली, त्याच्याकडे बोट दाखवलं आणि सुरक्षारक्षकांनी त्याला बाहेर काढला. “मीही बोट दाखवलं. शेजारच्या पोराने माझ्या पाठीवर थाप मारली. वेल डन, ग्रँडपा, म्हणाला. घरी गेलो आणि मुलीला म्हटलं, मला डॉक शोधून दे. ती थाप माझ्या हक्काची नव्हती.”

सामन्याचा उत्तरार्ध सुरू झाला. काकांनी आवाज वाढवला. मग हात लांब करून शेजारच्या खुर्चीवरचा मफलर उचलला, घडी केली आणि स्वतःच्या मांडीवर घेतला.

“इकडे बस,” ते पडद्याकडे पाहत म्हणाले. “तिथून कॉर्नर दिसत नाही.”

आमच्या सोफ्यावरून कॉर्नर नीट दिसतो. निखिल हे बोलणार होता, मी त्याचा पाय दाबला.

संघ एक-शून्यने हरला. दोघांनी पंचाला, मॅनेजरला आणि गोलकीपरला ओळीने दोष दिला. काकूंनी दिलेला शिरा डेव्हीने दोनदा मागून घेतला. त्यात सफरचंदच होतं.

निघताना तो दारात अडला. त्याला नाव नीट म्हणायचं होतं. “काले.”

“ळ. जीभ वर टाळूला लाव.”

“काऽर्ले.”

“कारलं ही वेगळी भाजी आहे,” काकू म्हणाल्या. “कोबीतून सुटले आणि कारल्यात पडले.”

गाडी ड्राइव्हवेमधून मागे निघाली आणि रस्त्यावर वळून थांबली. खिडकीची काच खाली गेली. म्हाताऱ्याने मान बाहेर काढली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली.

“काऽले!”

काका मफलर गळ्यात घालून पायरीवर उभे होते. टेक्सासचं ऊन तापलं होतं. त्यांचा हात नेहमीसारखा वर गेला, पण या वेळी तो खाली यायला वेळ लागला.

“बोल रे,” ते मराठीत म्हणाले. एवढ्या हळू की गाडीपर्यंत ते पोचणं शक्य नव्हतं. “मीच काळे.”