वडाखालचा अंधार

आमच्या दौलतकाकांना कुणी रामराम केला, की ते आधी विचारत, "काऊन?" म्हणजे, का बुवा? सकाळी सकाळी माणूस फुकटात देवाचं नाव घेतो म्हणजे त्याचं काहीतरी काम अडलेलं असणार, असा त्यांचा सिद्धान्त. दुकानाला कुलूप लावून ते कोपऱ्यापर्यंत जायचे, परत यायचे, कुलूप ओढायचे आणि मग मला हाक मारायचे, "विलास, तू ओढून पाह्य. माह्या हाताचा भरोसा नाई."

त्यांचं किराणा दुकान आणि माझं घर भिंतीला भिंत लागून. समोर आमच्या गावचा वड, पारंब्यांचीच खोडं होऊन मैदानभर पसरलेला. सेवाग्राम पाहून निघालेली मंडळी वाट वाकडी करून तो बघायला यायची. काकांना तेही खटकायचं. "झाड पाह्याले गाडी करून कोणी येते काय? यात काहीतरी हाय."

वच्छलाकाकूंनी या माणसाशी संसार केला. वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळून त्या परतल्या, की काका गल्ल्यावरून विचारायचे, "सातही जनम हाच नवरा? काऊन? माह्यात असं काय पाह्यलं तुनं?" काकू हसून पूजेतला आंबा त्यांच्या हातावर ठेवायच्या. काका तो हुंगून मगच खायचे.

काकू सवाष्णपणीच गेल्या. दिवस झाल्यावर काकांनी दुकान उघडलं. सांत्वनाला आलेल्यांनाही ते "काऊन?" म्हणाले, तेव्हा मला त्यांचा खरोखर राग आला होता.

पुढे दोन हजार सालानंतर कधीतरी ग्रामपंचायतीनं ठरवलं, की पाहुण्यांसाठी वड रात्रीही उजळायचा. खाली हिरवे-निळे फोकस, पारंब्यांवर दिव्यांच्या माळा. वडाला सगळ्यात जवळचं घर माझं, म्हणून बटण माझ्या ओसरीवर.

काका बिथरले. "खाली धन असंल. उजेड पाडून शोधून राह्यले हे लोक." आठवड्यानं नवीन शंका. "पाखरं पळतील, मंग म्हणतील झाड वाळलं, तोडा." ग्रामसभेत तर ते उभेच राहिले. "झाडाले रातच्याले झोपू द्या." सभा पोट धरून हसली. सरपंचांनी विचारलं, "पण काकाजी, याच्यात तुमचं काय जाते?"

एवढ्या तेवढ्यावरून दहा प्रश्न विचारणारा माणूस, पण या एका प्रश्नावर दुकानाचं कुलूप ओढून पाहायचंय म्हणून सभेतून निघून गेला.

दिवे लागले. संध्याकाळची गर्दी वाढली, काकांचा धंदाही वाढला. तरी ते वडाकडे पाठ करूनच बसत.

मग वटपौर्णिमा आली. दुपारी बायका पूजा करून गेल्या. दिवेलागणीला मी बटण दाबलं आणि रात्री पाहुण्यांची गर्दी पांगल्यावर काका ओसरीवर आले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी आपणहून रामराम केला.

"काऊन?" मी विचारलं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या. वाण नाही पण गुण लागला.

"घडीभर वडाचे लाइट बंद कर. काऊन ते विचारू नको."

त्यांच्या सदऱ्याचा खिसा फुगलेला होता. त्यात पक्कड असणार, म्हातारा वायर कापायला निघाला, अशी माझी खात्री झाली. मी दिवे बंद केले आणि हळूच त्यांच्या मागं गेलो.

पौर्णिमा असली तरी त्या वडाखाली चांदणं पोचत नाही. मी एका पारंबीआड उभा राहिलो. काकांनी खिशातून काढली ती सुताची गुंडी. एक हात खोडावर ठेवून ते फेऱ्या घालू लागले. बायकांच्या दुपारच्या सुतांत त्यांचं सूत मिसळत गेलं. पुरुषमाणूस वडाला फेऱ्या घालतो हे गावानं पाहिलं असतं, तर वर्षभर पारावर दुसरा विषय निघाला नसता.

"यंदा उशीर झाला, वच्छले," ते झाडाला म्हणाले. "दरसाल अंधार राहे. यंदा यायनं दिवे लावले." मग पुन्हा एक फेरी. "सातही जनम मंजूर हायेत मले. फक्त पुढच्या बारीनं आधी मी जाईन. हे मांगं राह्यनं माह्याच्यानं नाई होत."

मी आल्या पावली ओसरीवर येऊन बसलो.

काका परतले. दारात थांबून त्यांनी विचारलं, "कोणी पाह्यलं काय?"

"नाई, काकाजी. फ्यूज उडाला म्हणून सांगतो. पुढच्या सालीबी उडंल."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. आता "काऊन?" येणार म्हणून मी उत्तर जुळवत होतो.

"बरं," एवढंच ते म्हणाले, आणि दुकानाचं कुलूप ओढून न पाहताच घरी गेले.