तांदळाच्या पिंपातली अकरा टोपडी

माणसाने वाचायचं कसं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून पनवेलच्या एका वाचनालयाचा सभासद झालो त्याच दिवशी मी ठरवून टाकलं, की पहिल्या कपाटापासून सुरुवात करायची आणि डावीकडून उजवीकडे, एकही पुस्तक न सोडता वाचत जायचं. मध्येच उड्या मारायच्या नाहीत. (नववीत शाळा सोडलेल्या माणसाने निदान शिस्त तरी सोडू नये, असं माझं मत आहे.)

आता पहिल्या कपाटात काय लावून ठेवायचं हे काही माझ्या हातात नव्हतं. आधी कुक्कुटपालन झालं. मग मूळव्याधीवरचे घरगुती उपचार झाले. मग लोणची आणि मुरंबे. चौथं पुस्तक निघालं विणकामाचं.

पुस्तकात जे सांगितलंय ते करून बघायचं, हा माझा दुसरा नियम. मूळव्याधीच्या वेळी तो पाळायची वेळ आली नाही याचं समाधान आहे. पण विणकामाच्या वेळी काहीच अडचण नव्हती. मी गाडीच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात कामाला आहे, पगार झाला होता. बाजारात गेलो आणि लोकर मागितली.

"ताईला हवीय का?" दुकानदाराने विचारलं.

"नाही, मला," मी म्हणालो. एवढं बोलताना माझे कान इतके गरम झाले की लोकरीची गरजच उरली नाही.

ते पुस्तक बेचाळिसाव्या पानाला संपत होतं. म्हणजे खरं तर संपत नव्हतं, पुढची पानं कुणीतरी फाडून नेली होती. बेचाळीस पानांत टाके कसे घालायचे, सुलट टाका, उलट टाका आणि बाळाचं टोपडं एवढंच होतं. स्वेटर त्रेचाळीसपासून सुरू होणार होता. (ज्याने नेला त्याच्या अंगात स्वेटर असेल, लाज नसेल.) त्यामुळे मी टोपडी विणत बसलो. एक गुलाबी झालं, एक पिवळं झालं, दोन हिरवी झाली. स्वेटर आला असता तरी उपयोग काय होता म्हणा. पनवेलची थंडी म्हणजे पंखा पाचावरून तिनावर.

यात मला सापडलेली एक गोष्ट सांगतो. मी शाळा सोडली ती काही नापास होऊन नाही. मास्तर उभं करून उत्तर विचारायचे. उत्तर मला यायचं, पण तोंडातून शब्द यायचा नाही. वर्ग हसायचा. एक दिवस बसलो तो घरीच बसलो. पण हातात सुया असल्या, नजर टाक्यांवर असली, की मला बोलता येतं. दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसताना विणत बसलो की मी मालकाशीसुद्धा दोन-दोन वाक्यं बोलायचो. सुया खाली ठेवल्या की पुन्हा 'हो' आणि 'नाही'.

हे मी घरी सांगितलं. आई म्हणाली, "ह्ये कोनाला सांगू नको."

कारण माझं लग्न ठरत होतं.

मुलगी आपटा गावची, नाव मोनाली. तिला बघायला गेलो तेव्हा आम्हाला दोघांना पाच मिनिटं ओटीवर बोलायला बसवलं. चार मिनिटं मी पाटावरचं नक्षीकाम पाहिलं. शेवटी तीच म्हणाली, "काही विचारायचं नाहीये का?"

मी विचारलं, "तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?"

दुसरी कुणी असती तर फिस्सकन हसली असती. ती म्हणाली, "सकाळी सहाला. पण उन्हाळ्यात भरवसा नाही." मनापासून, एखाद्याने महत्त्वाचं काही विचारल्यासारखं. त्या क्षणी मी ठरवलं की लग्न करीन तर हिच्याशीच. (तिने काय ठरवलं ते कळायला वेळ होता.)

आता तिच्याकडची माणसं आमचं घर बघायला येणार होती. आमच्या आगरी समाजात घर बघायला यायचं म्हणजे चाळीस माणसं. मुलगी सोडून सगळी येतात. बायका घराचा कोपरा अन् कोपरा बघतात. न्हाणीघर बघतात, गॅसची टाकी हलवून बघतात. सकाळपासून आई घर आवरत होती आणि माझा शिवामामा, ज्याने हे स्थळ आणलं होतं, तो मला पढवत होता.

"छंद विचारला तं क्रिकेट सांगायचा. मी तसाच सांगून ठेवलाय."

"पण मी विणतो," मी म्हणालो.

"आज नको विनू!"

"आज नाही विणणार. पण विचारलं तर सांगणार."

"मालूताय," मामा आईकडे वळला, "याचं त्ये बोचकं कुटं हाय त्ये दडव आधी."

आईने माझी पिशवी आत नेली आणि त्यातली टोपडी नाहीशी केली. मला फक्त अर्धवट विणलेलं टोपडं वाचवता आलं. ते मी सुयांसकट टीव्हीच्या मागे सरकवलं. ही माझी त्या सकाळची एकमेव बंडखोरी. (टीव्हीच्या पुढे ठेवायची हिंमत झाली नाही, हे कबूल करतो.)

पाहुणे अकरा वाजता आले. दोन सुमो, एक टेम्पो. पुरुष बाहेरच्या खोलीत बसले, पोहे सुरू झाले, येणाऱ्या विमानतळाच्या गप्पा सुरू झाल्या. मधोमध खुर्चीवर मोनालीचे आजोबा बुधाजी बसले होते. ऐंशीला टेकलेले, पाताळगंगेत अजून स्वतः विणलेलं जाळं टाकणारे. ते एकटेच गप्प होते आणि माझ्याकडे बघत होते. मी जमिनीकडे बघत होतो. त्यामुळे आमचं बरं चाललं होतं.

आत बायकांची तपासणी चालली होती. तिचं नेतृत्व मोनालीच्या आत्याआजीकडे, गुणाबाईंकडे होतं. त्या स्वयंपाकघरात, मला दारातून दिसत होत्या तिथेच, तांदळाच्या पिंपापाशी थांबल्या.

"तांदूल घरचा का इकतचा?"

"घरचा, घरचा," आई म्हणाली, आणि तिचा आवाज मला का कोण जाणे बारीक वाटला.

"वरवर समदेच घरचा ठेवतात," असं म्हणून गुणाबाईंनी बाही वर केली आणि तळाचा तांदूळ बघायला कोपरापर्यंत हात आत घातला.

हात बाहेर आला तेव्हा त्यात गुलाबी टोपडं होतं.

पुन्हा हात गेला. पिवळं आलं. मग दोन हिरवी. प्रत्येक टोपड्यातून तांदूळ भुरभुरत होता, जणू अक्षताच पडताहेत. अकरावं टोपडं बाहेर येईपर्यंत घरात कुणी पोहे चावत नव्हतं.

गुणाबाई सगळा ढीग ओच्यात घेऊन बाहेरच्या खोलीत आल्या. "बुधादादा, या घरात लेकरू हाय!"

"लेकरू नाय, बाय! कोनाचंच नाय!" आई मागून धावत आली.

"मंग टोपडी कोनाला?"

यानंतर माझ्या घरच्यांनी एकाच वेळी तीन उत्तरं दिली.

आई म्हणाली, "बाजारातून आनलीत."

मामा म्हणाला, "पोरगा अनाथाश्रमाला देतो. समाजसेवेची आवड हाय."

आणि माझे बाबा, जे एरवी वर्षातून दोनदा बोलतात, ते म्हणाले, "याचीच हायत. लहानपनची."

"अकरा?" गुणाबाईंनी माझ्याकडे बघितलं. "किती डोकी व्हती रं तुला?"

मागून कुणीतरी म्हणालं, "पयली बायको हाय याची. पोर पन हाय. लपवून ठेवलंय."

"कुटं?"

"अजून पिंपात बघा!"

एक बाई खरंच पिंपाकडे वळली. टेम्पोचा ड्रायव्हर चावी हातात घेऊन उभा राहिला. मला मोनाली दिसायला लागली, सकाळी सहाला नळापाशी उभी असलेली, आणि तिला कुणीतरी सांगतंय की तो पनवेलचा पोरगा लग्न झालेला निघाला.

तेवढ्यात मामाला युक्ती सुचली. तो कपाळावर हात मारून हसला. "आरं काय तुमी पन! आमच्या मालूतायने विनलीत. तिला लाज वाटते सांगाया. नातवंडांची हौस, दुसरा काय?"

आणि काय सांगू, सगळं घर हसलं. गुणाबाई हसल्या. ड्रायव्हरने चावी खिशात टाकली. "आसं सांग की, बाय," म्हणत एकीने आईच्या पाठीवर थाप मारली. आईने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत स्पष्ट लिहिलं होतं, गप बस. गप बसणं हे तर माझं खास काम. दोन मिनिटं नेहमीसारखा राहिलो असतो तर लग्न ठरलं असतं.

"आईला सुई धरता येत नाही," मी म्हणालो. "मी विणलीत."

मामाने डोळे मिटले.

"तू?" गुणाबाई म्हणाल्या. "बाप्या मानूस टोपडी विनतो?"

"खोटा बोलतो," मागचा आवाज म्हणाला. "बायकोला वाचवतो."

मला उत्तर द्यायचं होतं. उत्तर येतही होतं. पण चाळीस जण बघत होते आणि माझी जीभ नववीच्या वर्गात जाऊन उभी राहिली होती. मग मी काय केलं, तर टीव्हीमागे हात घातला, अर्धवट टोपडं काढलं आणि सगळ्यांच्या मधोमध सतरंजीवर मांडी घालून विणायला लागलो. एक सुलट, एक उलट. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीला जीभ नववीच्या वर्गातून परत आली.

"मी क्रिकेट खेळत नाही," मी टाक्यांकडे बघत म्हणालो. "बॅट हातात धरलेली नाही. शाळा नववीत सोडली. पुस्तकं वाचतो, कपाटातल्या क्रमाने. विणतो. आज लपवलं कारण घरच्यांना लाज वाटली. मला नाही वाटत. लग्नाआधी विणलं, लग्नानंतरही विणणार. ज्याला चालत नसेल त्याने आत्ताच सांगावं, अजून चहा व्हायचाय."

एवढं लांब मी आयुष्यात बोललो नव्हतो. बाबा माझ्याकडे असे बघत होते, जणू पिंपातून मीच निघालोय.

खुर्ची करकरली. बुधाजी उठून माझ्या पुढ्यात उकिडवे बसले. माझ्या हातांपासून वीतभर अंतरावर डोळे आणून ते बघत राहिले.

"बायकांचा काम हाय ह्यो," मागून कुणीतरी म्हणालं.

"मग बुधाजी आजोबा जाळं विणतात ते काय?" मी म्हणालो. (मान वर असती तर हे बोललोच नसतो.)

आजोबांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"माज्या जाल्यात मासा येतो," ते म्हणाले. "तुज्या टोपड्यात काय येतं?"

"डोकं," मी म्हणालो.

म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. गुणाबाई पाणी आणायला धावल्या. ठसका थांबल्यावर आजोबांनी माझ्या हातातलं टोपडं, सुया आणि लोकरीचा गुंडा, सगळं काढून घेतलं आणि सदऱ्याच्या खिशात कोंबलं. "ह्यो मी नेतो," एवढंच म्हणाले. चहा न घेता उठले. दोन्ही सुमो आणि टेम्पो धूळ उडवत गेले. होकार नाही, नकार नाही.

दोन दिवस मामाने आमच्या घरचं पाणीही घेतलं नाही. आई तांदूळ निवडत बसली. तिला भातात लोकर सापडत होती, आणि प्रत्येक धागा ती मला न बोलता दाखवत होती. मी नव्या सुया आणल्या आणि ओटीवर, रस्त्याकडे तोंड करून विणत बसलो. येणारा-जाणारा बघायचा, मी विणायचो. मोनालीची आठवण आली की टाका निसटायचा. बरेच निसटले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मोबाइल वाजला. मोनाली होती. मी आधी सुया हातात घेतल्या, फोन खांद्यात धरला आणि मगच 'हॅलो' म्हणालो.

"तुम्ही चाळीस माणसांसमोर बसून विणलंत?" तिने विचारलं.

"हो."

"आणि आजोबांना उलट बोललात?"

"हो."

"आमच्याकडे त्यांना अजून कोणी उलट बोललेलं नाही." ती म्हणाली. "मी घरी सांगितलंय, करीन तर याच मुलाशी."

माझे सगळे टाके एकदम सुटले. मी काहीतरी म्हणालो. काय ते मला आठवत नाही, पण बहुधा पाण्याबद्दल असावं.

"पण एक आहे," ती म्हणाली. "आजोबांची अट आहे. विणकामाबद्दलच."

मला माहीत होतं. जगात फुकट काही मिळत नाही. मी उठून उभा राहिलो, छाती पुढे काढली आणि आख्खी आळी ऐकेल एवढ्या आवाजात म्हणालो, "आजोबांना माझा नमस्कार सांगा. आणि सांगा की ते मी सोडणार नाही! काय वाटेल ते झालं तरी सोडणार नाही!"

"अहो, सोडायला कोण सांगतंय?" मोनाली म्हणाली. "त्यांनी तुमचं ते टोपडं घरी आणून सगळं उसवलं. शेजारच्या सुमतीकाकूंना दोन गोष्टी विचारल्या आणि एका बैठकीत पुन्हा विणलं. सगळा गाव बघून गेला. म्हणतात, पोरगा हिमतीचा आहे, पण हात फार कच्चा आहे. आधी नीट शिकून ये म्हणावं, मग मुहूर्ताचं बघू."