मीठ खंय गेला?

आमच्या शेजारचा दिगू जेवायला बसला की बांगड्याची तुकडी मधोमध मोडायचा. आधी कालवणाचा थेंब जिभेवर, मग सालीजवळचं मांस, मग काट्यालगतचं. तेवढा वेळ आपण घास हातात धरून त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. मग निकाल लागायचा आणि मीठ कुठे गेलं याची चौकशी सुरू व्हायची.

"बाय, मीठ कालवणात आसा, पण तुकडेत शिराक नाय. मीठ खंय गेला?"

"माज्या मढ्यार गेला!" बाय म्हणायची. "जेव गप!"

बाय म्हणजे त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून हिनंच त्याला वाढवलं, शिकवलं. त्यात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. दिगू मुंबईच्या एका प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ. त्यानंही लग्न केलं नाही. चतुर्थीला आणि मे महिन्यात वेंगुर्ल्याला यायचा आणि अख्ख्या वाडीला वैताग आणायचा. आमच्या ह्यांनी एकदा रक्तदाबाची गोळी घेतली, तर हा समोर हजर. "दादानू, गोळी घेतलास? मगे ती आता खंय आसा?" ह्यांनी घाबरून पोटच धरलं.

शेवटी मी चिडून विचारलं, "मेल्या, तू करतस तरी काय? पगार कशाचो घेतस?"

तर म्हणे, कॅन्सरवरच्या काही औषधांत प्लॅटिनम असतं. हो, तेच, दागिन्यांतलं महागडं. ते पेशीत घुसतं खरं, पण आत जाऊन नेमकं कुठे बसतं, कुणाला धरून बसतं, हे हा शोधतो. त्यासाठी पेशींवर क्ष-किरण सोडायचे.

"वयनी, एसटी स्टँडार जावन 'ओ परब' म्हणान साद घाल. धा जण ओ देतले, पण प्रत्येकाचो आवाज येगळो. तसाच ह्या. क्ष-किरणान साद घातली की जस्त आपल्या आवाजात ओ देता, लोखंड आपल्या, प्लॅटिनम आपल्या. आवाजावरून ता खंय बसला, बाजूक कोण आसा, ता सुदा कळता."

"आणि कळल्यार काय?"

"केंद्रकात गेला तर कॅन्सरची पेशी मरता. वाटेत भलत्यानच धरल्यान, तर औषध फुकट. आणि मूत्रपिंडात जावन बसला, तर नसतो ताप."

मला पटलं. पण तसं कबूल केलं असतं तर हा संध्याकाळपर्यंत हलला नसता, म्हणून मी "बरा" म्हणून तांदूळ निवडायला घेतले.

मग एका वर्षी बायलाच ते दुखणं निघालं. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलेलं औषधही तेच. प्लॅटिनमचं, सलाइनमधून द्यायचं.

जो तो दिगूला विचारायला लागला, गुण येईल ना रे? आणि जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारून भंडावणारा हा माणूस लोकांना चुकवत फिरायला लागला. शेवटी आमच्या पायरीवर येऊन बसला आणि म्हणाला, "वयनी, माका प्रयोगशाळेतल्या बशीतल्या पेशीतला दिसता. बायच्या आंगात ता खंय जातला, ता माका दिसाचा नाय." एवढं बोलून विहिरीवर गेला आणि घरात पाणी भरलेलं असताना कळशीमागून कळशी उपसत राहिला. मला त्याची फार दया आली.

बायला घेऊन मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरलं. आमच्याकडे मोठ्या कामाआधी देवाला सगळं मोठ्यानं सांगायची रीत आहे. जाणता माणूस एकेक वाक्य म्हणतो आणि बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. दिगू एरवी बाहेर चपला सांभाळत उभा राहायचा. त्या दिवशी आत आला.

गावकर तात्यांनी सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकराक औषधाचो गुण येवंदे रे म्हाराजा..."

"थांबा!" दिगू ओरडला. "असा मोघम सांगू नकात! देव ता औषध धाडतलो खंय?"

तात्या भडकले. "मगे तूच घाल गाऱ्हाणा, मोठो शिकलेलो!"

आणि दिगूनं खरोखरच हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! सलाइनीतून जा प्लॅटिनम येतला, ताका रगतात वाटेत कोणी धरून ठेवल्यान, तर सोडव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मूत्रपिंडाच्या वाटेक लागला, तर मागे परतव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कॅन्सरच्या पेशीत, थेट केंद्रकात, जांवक व्हया थंयच जांवदे रे म्हाराजा!"

देऊळ दणाणलं. बाय तोंडाला पदर लावून हसत होती. "देवाकव शाळेत घातल्यान गो," मला म्हणाली. दिगूचे डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. मग मलाही हसता येईना.

देवाच्या कृपेनं म्हणा, नाहीतर दिगूनं दिलेल्या पत्त्यानं म्हणा, औषध लागू पडलं. बायचे केस गेले, परत आले. तोंडाची चव मात्र गेली ती गेलीच. पुढच्या मे महिन्यात तिनं हट्टानं स्वतः बांगड्याचं कालवण रांधलं आणि मलाही जेवायला बोलावलं. मी पहिला घास घेतला आणि थबकले. कालवणात मिठाचा कण नव्हता! मी तोंड उघडणार, तोच शेजारी बसलेल्या दिगूनं असं कोपर मारलं की घास घशातच अडकला.

त्यानं तुकडी मोडली नाही, थेंब चाखला नाही. खाली मान घालून भात कालवत होता आणि ओरपत होता.

बाय वाढता वाढता थांबली. "काय रे, आज इचारूक नाय? मीठ खंय गेला?"

दिगूनं मान वर केली नाही.

"जांवक व्हया थंयच गेला, बाय," तो म्हणाला. "वायच आणखी वाढ."