प्रमाणाबाहेर संवेदनशील

आमच्या कारखान्यात एक पिवळी खोली आहे आणि तिचा विभागप्रमुख मी आहे. खोली पिवळी असण्यामागे शास्त्र आहे. सिलिकॉनच्या तबकडीवर आम्ही एक पातळ लेप चढवतो. त्याला रेझिस्ट म्हणतात. त्याच्यावर नक्षीच्या काचेतून प्रकाश सोडला की उजेड पडलेला भाग धुतल्यावर निघून जातो आणि सावलीतला टिकतो. अशी नक्षीवर नक्षी चढवत गेले की चिप तयार होते. हा लेप पिवळ्या दिव्याखाली शांत असतो. पांढरा उजेड मात्र त्याला सोसत नाही. नव्या उमेदवारांना हे मीच शिकवतो, आणि चांगले शिकवतो असे माझे मत आहे.

त्या तबकडीला वेफर म्हणतात. माझ्या सासऱ्यांना फार कमी ऐकू येते. त्यामुळे त्यांनी शेजारीपाजारी सांगून ठेवले आहे की जावई वेफर्सच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि चिप्सही तिथेच होतात. मी एकदा खुलासा करून पाहिला. ते म्हणाले, "असू द्या, असू द्या. खारे असले की झालं."

यंदा आमच्याकडे श्रवणयंत्रांच्या चिपचे काम आले आणि पहिली यंत्रे ज्यांना मिळणार त्यांत सासऱ्यांचा नंबर लागला. ते आयुष्यभर घड्याळे दुरुस्त करत आले. घड्याळ कानाशी धरले की त्याचे दुखणे त्यांना कळायचे. आता घड्याळ चालू आहे की बंद, हे काट्याकडे बघून ठरवावे लागते. बायको मला म्हणाली, "अहो, बाबांना पुन्हा टिकटिक ऐकू आली ना, तर मी तुमच्या कारखान्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही." ही सवलत मोठी होती.

त्याच सुमारास मोठे साहेब पिवळी खोली बघायला येणार असे ठरले. प्रसिद्धी अधिकारीबाई आधी येऊन फोटो काढून बघून गेल्या. परत आल्या त्या कपाळाला आठ्या घालून.

"हा पिवळेपणा काढता येईल का?"

"दिव्यांचा आहे तो, बाई."

"ते कळतं मला. पण फोटोत साहेबांना कावीळ झाल्यासारखं दिसेल. पांढरे दिवे लावा."

"पांढऱ्या उजेडात लेप खराब होतो."

"किती वेळात?"

"लगेच."

"मग आम्ही त्याच्या आत आटपतो."

दुसरा कोणी असता तर इथे 'नाही' म्हणाला असता. मी म्हणालो, "तत्त्वतः हरकत नाही, मात्र योग्य ती काळजी घेण्यात यावी." याच वाक्याच्या बळावर मी विभागप्रमुख झालो आहे. निदान तबकड्या तरी बाहेर हलवू या, असेही मी सुचवले.

"मग साहेब हातात काय धरतील?" बाईंनी विचारले. तबकड्या जागच्या जागी राहिल्या.

पांढरे दिवे लागले. साहेबांनी तबकडी हातात घेतली, तिच्यात स्वतःचा चेहरा बघितला, केस सारखे केले आणि प्रकाशाने अंधार कसा दूर होतो या विषयावर उपस्थितांना मार्गदर्शन केले. मार्गदर्शन लांबले. तबकड्या धुवायला घेतल्या तेव्हा त्यांच्यावर लेपाचा मागमूस उरला नाही. इतक्या स्वच्छ तबकड्या मी नोकरीत पाहिल्या नव्हत्या.

चौकशी समिती नेमली गेली. विषयातले मलाच कळत असल्यामुळे अध्यक्षपद माझ्याकडे आले. साहेबांचा दोष असणे शक्य नव्हते. बाईंचा काढला असता तर त्यांनी माझे वाक्य काढले असते.

"दिव्यांचा दोष म्हणावा का?" मी विचारले.

"दिवे प्रमाणित आहेत," खरेदी अधिकारी म्हणाले. दिवे त्यांनीच घेतले होते. "पण मी म्हणतो, एवढासा उजेड सहन होत नाही म्हणजे काय? या लेपाचे फारच लाड झालेत."

समितीच्या जिवात जीव आला. 'सदर लेप प्रमाणाबाहेर संवेदनशील असून त्याऐवजी सोशीक लेप घेण्यात यावा,' असा निष्कर्ष मी स्वहस्ते लिहिला. त्यातला 'सोशीक' हा शब्द सर्वांना आवडला.

नवा लेप खरोखरच सोशीक निघाला. पांढऱ्या दिव्याने त्याला काही होईना, उन्हाने काही होईना. पिवळे दिवे काढून टाकले, खोली प्रसन्न दिसू लागली. अडचण एवढीच होती की नक्षीच्या यंत्रातल्या प्रकाशानेही त्याला काही होईना. तबकडी जशी आत जायची तशीच, लेपासकट, बाहेर यायची. तपासनीस नक्षीतल्या तुटलेल्या रेघा मोजत. मुळात रेघच नसल्यामुळे तुटलेली एकही सापडली नाही. आमच्या विभागाचे दोष शून्य झाले. शून्य दोषांच्या मालाला पुढची विजेची चाचणी माफ असते, त्यामुळे माल सरळ श्रवणयंत्रांत बसला, आणि मला वार्षिक समारंभात ढाल मिळाली.

हे माझ्या ध्यानात आले नाही असे नाही. पण आपले दोष फारच कमी आहेत, अशी तक्रार करण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

सासऱ्यांना रुग्णालयात यंत्र बसवले. पाहणीसाठी आलेल्या मुलीने विचारले, "आजोबा, नीट ऐकू येतं ना?" सासरे हसले आणि त्यांनी मान हलवली. शेजारच्या आजींनी हलवली. अख्ख्या रांगेने हलवली. कमी ऐकू येणारी माणसे वर्षानुवर्षे अशीच हसून, मान हलवून चारचौघांत वावरतात. समाधानाचे प्रमाण शंभर टक्के नोंदले गेले.

घरी बायको त्यांच्याशी मुद्दाम हळू आवाजात बोलली. त्यांनी मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आले. इतके दिवस ती त्यांचा हात धरून रस्ता ओलांडायची. आता तिने तो सोडला. "जा बाबा, एकटे जा. आता काय भीती?" ती म्हणाली.

ते घड्याळाची स्प्रिंग आणायला निघाले. मागून येणारा सायकलवाला घंटी वाजवत राहिला, आणि हे मजेत रस्त्याच्या मधून चालत राहिले. शेवटी धडक बसली, आणि पडले ते उजव्या हातावर. मनगट मोडले.

प्लास्टर घातलेल्या हाताशेजारी बसून बायकोने त्यांच्या कानातले यंत्र काढले आणि स्वतःच्या कानाला लावले. मग त्याच्यासमोर टिचकी वाजवून पाहिली.

"अहो, यातून काहीच येत नाही."

"गुणवत्ता विभागाच्या अहवालानुसार..."

"माझ्याशी माणसासारखं बोला."

तिने वडिलांच्या कानाशी तोंड नेले आणि ओरडून विचारले, "बाबा, ऐकू येत नव्हतं तर सांगितलं का नाही?"

सासरे ओशाळले. "तू इतकी खूश झालीस गं. त्यात वस्तू जावईबापूंच्या कारखान्यातली. चारचौघांत त्यांना खाली कशाला बघायला लावायचं?"

मी त्यांच्या बोटांकडे पाहत होतो. प्लास्टरमधून बाहेर आलेली ती बोटे काहीतरी बारीक वस्तू धरल्यासारखी हलत होती. त्या क्षणी मी ठरवले, आता बोलायचे.

सकाळी मी सरळ मोठ्या साहेबांच्या खोलीत गेलो आणि आयुष्यात प्रथमच एकही विशेषण न वापरता म्हणालो, "साहेब, आपली चिप कोरी आहे. यंत्रं मुकी आहेत. ती परत मागवायला हवीत."

"कोण म्हणतं?"

"माझे सासरे."

"त्यांनी समाधान व्यक्त केलंय ना?"

"साहेब, त्यांना प्रश्नच ऐकू आला नव्हता."

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचं शून्य दोषांचं काम पाहून पुढचं काम मिळालंय. गाड्यांच्या ब्रेकच्या चिप. विभाग तुमच्याकडेच. आता हे मध्येच काढलंत तर ते जाईल, आणि तुम्हीही जाल. येतंय ना लक्षात?"

मी हसलो आणि मान हलवली.

बायको पुन्हा वडिलांचा हात धरून रस्ता ओलांडू लागली आहे. माझ्याशी ती फारशी बोलत नाही, आणि मलाच ऐकू येत नसावे, असे समजून मी चालवून घेतो. ब्रेकचे काम सुरळीत सुरू आहे. दोष अर्थातच शून्य. गाडी तुमच्या दारात येईल तेव्हा एक मुलगी हसतमुखाने विचारील, "सगळं छान ना? पाच तारे देणार ना?" ब्रेक एकदाही दाबून पाहिलेला नसेल, आणि तुम्ही पाच तारे द्याल. तिला वाईट वाटू नये म्हणून द्याल. आमचे पुढच्या वर्षाचे सगळे नियोजन तुमच्या या चांगुलपणावर आधारलेले आहे.