सासरेबुवांच्या पसंतीचा गिअर

आपल्या डिझायनरने ठरवलं ते एवढंच, की गिअरचा दांडा एकदा सासरेबुवांना दाखवून घ्यावा. बस्स! यात चुकीचं काय होतं, ते त्या बिचाऱ्याला अजून कळलेलं नाही.

त्याच्या कंपनीत व्हिडिओ गेमसाठी खऱ्यासारखे कंट्रोलर बनवतात. यंदा गेम होता बस चालवण्याचा. साहेबांनी बजावलं होतं, "हातात घेतला की खरा वाटला पाहिजे. वाटला, तर विभागाचे प्रमुख तुम्ही. नाहीतर ती जागा दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल." त्या दिवसापासून त्याला जेवण जाईना.

आणि सासरेबुवा म्हणजे तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले, महिनाभर लेकीकडे राहायला आलेले. घरबसल्या तज्ज्ञ मिळाला! (तोही फुकट. मोह होणारच.)

पहिल्या दिवशी सासरेबुवांनी जेवणाच्या टेबलावर बसवलेला दांडा दोन बोटांनी मागेपुढे केला.

"खऱ्यासारखा वाटतोय का, बाबा?"

"छे हो, जावईबापू! माझा गिअर असा मुकाट्याने पडायचा नाही."

झालं! डिझायनरने आत जाड स्प्रिंग घातली. "अजून जरा." दुसरी घातली. "अजून." मग सोफ्याची स्प्रिंग काढून बसवली (त्या कोपऱ्यात बसणारे पाहुणे एकदम बुटके दिसू लागले). दांड्याच्या जोराने जेवणाचं टेबल सरकायला लागलं, म्हणून ते जमिनीला बोल्टने जखडलं आणि घरातली जेवणं पलंगावर सुरू झाली.

"अहो, हे नक्की ऑफिसचंच काम आहे ना?" बायकोने विचारलं.

"तुझेच वडील सांगताहेत!"

"म्हणून तर विचारतेय."

तिसऱ्या आठवड्यात सासरेबुवांनी दात-ओठ खात, खांदा लावून, खुर्चीतून अर्धवट उठून दुसरा गिअर टाकला. खाड्! त्यांचे डोळे भरून आले. "जावईबापू, हा! अगदी हाच!" डिझायनरलाही गहिवरून आलं.

आता टेबल काही जागचं हलेना, तेव्हा रविवारी साहेबच घरी आले. सासरेबुवांनी पहिला गिअर टाकून दिला आणि पडद्यावरची बस निघाली. दुसरा साहेबांनी टाकायचा होता. त्यांनी एका हाताने ओढला. मग दोन्ही हातांनी. मग टाय सैल करून टेबलाला पाय लावून ओढला. पडद्यावर सायकली बसला मागे टाकत गेल्या. थोड्या वेळाने काठी टेकत एक म्हातारी पुढे निघून गेली. "अहो ड्रायव्हर, चला की!" गेममधले प्रवासी ओरडायला लागले.

"मनगटात जोर द्या, साहेब," सासरेबुवा म्हणाले.

"मनगटच गेलंय माझं!" साहेब हात चोळत उठले. "काका, सगळ्या बसचे गिअर असेच असतात?"

"छे, छे! बाकीच्यांचे कसे मऊ. हा आमच्या सत्तावीस नंबरच्या गाडीचा. माझ्याशिवाय कुणाला पडायचाच नाही. शेवटी डेपोने भंगारात काढली हो तिला."

डिझायनरचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा, हे आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही विचारलंत, खऱ्यासारखा वाटतो का. माझी गाडी काय खोटी होती?" सासरेबुवा दुखावलेच.

"आणि पहिल्या दिवशी दाखवला तो?"

"तो ना? नव्या गाड्यांसारखा हुबेहूब! पण नव्या गाडीत मन रमत नाही."

साहेबांनी मनगटावर बर्फ धरला आणि डिझायनरकडे रोखून पाहिलं. "तीन आठवडे! तुम्हाला स्वतःला एकदाही शंका आली नाही? स्वतःची गाडी चालवताना गिअर टाकत असालच ना?"

"अहो, यांना कुठे येते गाडी!" बायको बोलून गेली.



"येत नाही?" साहेबांच्या हातातला बर्फ खाली पडला. "नोकरीच्या अर्जात तर लिहिलं होतंत, बसचा दहा वर्षांचा अनुभव!"

"आहे ना, साहेब. रोजचा आहे," डिझायनर पुटपुटला. "ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसतो."

सोमवारपासून विभागाचे प्रमुख सासरेबुवा आहेत. डिझायनरला त्यांच्या मागचं टेबल मिळालं आहे.