किसनकाकांच्या गाईंची वंशावळ

किसनकाकांच्या गोठ्यात जाऊन "ही गाय कोणाची?" असं विचारलं, तर आपण मालकाचं नाव विचारतोय असं त्यांना वाटतच नाही. "ही चांदीची," ते सांगतात. "चांदी रतनीची, रतनी हरणीची, हरणी लखमीची."

गुडीहत्नूरला माझं ढेपीचं दुकान आहे. गाईंसाठी सरकीची ढेप, म्हणजे पेंड, न्यायला काका येतात. साठी उलटलेली, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, दोन्ही पोरी सासरी. ट्रॅक्टर आले तशी गावातली घरोघरची जनावरं गेली. यांच्या दावणीला अजून छत्तीस आहेत. माळावर चारायला स्वतःच नेतात. एकदा कानाला बिल्ले मारायला जनावरांचे डॉक्टर आले, तर काका प्रत्येक गाईची माहिती तिच्या पणजीपासून सांगू लागले. बाराव्या गाईला डॉक्टरांनी खुर्ची मागवली.

मला या वंशावळीचं भारी कुतूहल. एक दिवस दुकानातच वही उघडली आणि म्हटलं, सांगा. काकांनी न अडखळता सगळ्या गाई सांगितल्या, पार लखमीच्याही बऱ्याच पिढ्या वरच्या कपिलापर्यंत.

"कपिला कुठून आली?"

"आमच्या आजीनं मायेराहून आनली, पायी. तिथूनच हा सारा पसारा."

"आजीचं नाव काय?"

"आजीच मनत होते सारे."

आजोबांचं, पणजोबांचं नाव झटकन आलं. आजीचं काही येईना. "गाईचं नाव ठाऊक हाय, अन् तिले आननारीचं नाई," काका एवढंच बोलले आणि ढेप न घेताच गेले.

चार दिवसांनी जनावरं शेजाऱ्याकडे सोपवून त्यांनी मुधोळची बस धरली. गोठा सोडून ते कधी मुक्कामाला गेले नव्हते. मुधोळला त्यांची आत्या असते, वडिलांची धाकटी बहीण, फार थकलेली.

परत आले ते थेट दुकानात. "लिवा. ठकूबाई. कपिलाच्या वर लिवा."

मी लिहिलं. काका वहीकडे पाहत म्हणाले, "आजा नुसता मिरवे. धारा आजी काढे. वासराइची नावंबी तिनंच ठेवली, आत्या मनते."

मला वाटलं, काम संपलं. पण काका आता दर महिन्याला तुपाचा डबा घेऊन मुधोळला जातात. परवा मी विचारलं, "वही तर भरली. आता काय विचारून राह्यले आत्याले?"

"काई नाई. बसतो जरासा." त्यांनी ढेपीचं पोतं खांद्यावर घेतलं. "आत्याले दिसत नाई आता. पावलावरून वळखते. मनते, 'किसन्या, जेवला का?' असं मले मननारी तेच एक राह्यली."