सरपंचांचं तोंड आलं

एका जंगलात झाडांपेक्षा फलक जास्त होते. प्रत्येक फलकावर सरपंच झुंबररावांचा हसरा चेहरा. झुंबरराव जातीचे अस्वल. मुलांनो, सरपंचाचं मुख्य काम भाषण करणं असतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

एकदा झुंबररावांचं तोंड आलं. जिभेवर फोड, गालांच्या आत फोड. मध चाटला तर लोखंड चाटल्यासारखा लागे.

त्यांचा सल्लागार होता सदोबा कोल्हा. त्याने जाहीर केलं, "जनतेसाठी बोलून बोलून साहेबांचं तोंड आलंय!"

जनतेला गहिवरून आलं. माकडांनी जाईचा पाला आणला. म्हशींनी तूप धाडलं. फोड जरा बसत, पुन्हा उठत.

एका सकाळी बायको गोजराबाई म्हणाली, "अहो, रागावू नका. तुमच्या तोंडाला मुतारीसारखा वास येतोय. आणि पाय बघा केवढे सुजलेत."

"मधमाशी चावली असेल."

"दोन्ही पायांना?"

गोजराबाईने त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. या बाई म्हणजे घुबड. त्यांनी तोंड पाहिलं. मग पाय दाबला. खड्डा पडला, तो भरून येईना.

"लघवी आणि रक्त तपासू या."

"अहो बाई, दुखतंय ते तोंड!"

"सगळेच फोड काळजीचे नसतात. पण फोड, वास आणि सूज एकदम आली, म्हणजे मला मूत्रपिंडांची शंका येते. रक्तातली घाण बाहेर पडत नसावी. लवकर उपचार केले, तर अजून पुष्कळ वाचवता येईल."

झुंबरराव घाबरले. त्यांचे वडीलही असेच सुजून गेले होते. त्यांनी गोजराबाईचा पंजा घट्ट धरला. "करू या तपासणी," ते हळूच म्हणाले.

सदोबा दारातच उभा होता. "साहेब, सभा तोंडावर आलीय. सरपंचांची लघवी तपासायला गेली, हे फुटलं तर विरोधक काय म्हणतील?"

झुंबररावांनी विचार केला. मग पंजा सोडला.

पदाचा अवमान केल्याबद्दल डॉक्टरीणबाईंची डोंगरापलीकडे बदली झाली. तोंड बधिर करणारं मलम आलं.

सभा जोरात झाली. विषय होता, निरोगी जंगल. टाळ्या थांबेनात. झुंबरराव खाली बसले, ते पुन्हा उठलेच नाहीत. धाप लागली, शुद्ध गेली.

"डॉक्टरीणबाईंना बोलवा!" गोजराबाई ओरडली. मग तिला बदली आठवली.

बैलांनी त्यांना गाडीत घालून डोंगर ओलांडला. जीव वाचला, मूत्रपिंडं गेली. आता झुंबररावांचं रक्त यंत्रातून धुतात. पाणी घोटाघोटाने मिळतं. उशाशी गोजराबाई असते. "तेव्हाच ऐकायला हवं होतं," असं ती एकदाही म्हणाली नाही. त्यामुळे झुंबररावांना तिच्याकडे बघवत नाही.

इकडे जंगलात मुखस्वच्छता सप्ताह साजरा झाला. नवे सरपंच सदोबा यांनी सर्वांना मलम वाटलं.

तात्पर्य: तोंड आलं, तर तोंडालाच औषध लावावं. उगाच खोलात शिरलं की आजार सापडतो. आणि आजार सापडला की सभा पुढे ढकलावी लागते.